बदक, बोट आणि साडेएकोणीस अंश

घारापुरीच्या लाँचमध्ये बसणाऱ्यांचे तीन वर्ग असतात. पहिला वर्ग जादा पैसे मोजून वरच्या मजल्यावर जातो आणि तासभर डोक्यावर ऊन घेतो. दुसरा वर्ग पुढे नाळेपाशी उभा राहून, दोन्ही हात पसरून स्वतःचे फोटो काढून घेतो. तिसरा वर्ग गेटवेच्या धक्क्यावर चणेवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत राहतो, शेवटी धावत येतो, आणि मग त्याला इंजिनाच्या धुराशेजारचा मागचा बाक मिळतो. मी या तिसऱ्या वर्गाचा आजीव सभासद आहे.

मागच्या बाकावरून घारापुरी दिसत नाही. दिसतं ते फक्त सोडून आलेलं. गेटवे आणि ताज हळूहळू काडेपेटीएवढे होतात, आणि त्यांच्यापासून आपल्यापर्यंत पाण्यावर एक भलामोठा इंग्रजी व्ही पसरलेला असतो. टोक आपल्या लाँचखाली आणि दोन्ही पाय थेट मुंबईकडे. नीट पाहिलं तर त्या पायांची कडा सरळ रेघेची नसते. कोंबड्याच्या शेपटीतल्या पिसांसारख्या छोट्या तिरक्या लाटा एकामागे एक रचलेल्या असतात, आणि दोन पायांच्या मधे आडव्या, किंचित बाक घेतलेल्या लाटांची शिडी असते.

मी हे इतकं टक लावून बघत होतो की खलाशी जवळ आला आणि म्हणाला, ''काय काका, काय पडलं? मोबाइल?''

''नाही, सहज बघतोय.''

त्यानं मुकाट्यानं खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. लाँचमधून मागे वाकून पाण्याकडे बघणाऱ्या माणसाचं एक तर काहीतरी पडलेलं असतं, नाहीतर त्याला उलटी होणार असते. तिसरं कारण त्याच्या अनुभवात बसत नव्हतं.

घरी आल्यावर मी या व्हीच्या मागे लागलो, आणि कळलं की माझ्याआधी बरीच बडी मंडळी मागच्या बाकावर बसून गेलेली आहेत. त्यातले सर्वांत बडे म्हणजे लॉर्ड केल्विन. १८८७ साली एडिंबरोला यंत्र-अभियंत्यांच्या सभेत त्यांनी जहाजांच्या लाटांवर भाषण दिलं. तेव्हा ते नुसते सर विल्यम थॉमसन होते, लॉर्ड झाले १८९२ मध्ये. लॉर्ड होताना नवं नाव घ्यायचं म्हणून त्यांनी ग्लासगोच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव घेतलं. पाण्यावरच्या रेघांचा हिशेब मांडणाऱ्याला नदीचंच नाव मिळावं, हा योग पत्रिका जुळवूनही आला नसता.

तर केल्विन यांचं म्हणणं असं. खोल पाण्यात कुठलीही वस्तू सरळ रेषेत एकाच चालीनं जात असेल, तर तिच्या मागचा व्ही मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेएकोणीस अंशांचा असतो. नेमकं सांगायचं तर १९.४७. वस्तू केवढी आहे, किती वेगानं जाते आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. बदकाला साडेएकोणीस, आमच्या लाँचला साडेएकोणीस, आणि न्हावा-शेव्याकडे निघालेल्या, गावजेवणाइतके कंटेनर अंगावर रचलेल्या जहाजालाही साडेएकोणीसच.

हे वाचून मी अस्वस्थ झालो. आपल्याकडे माणूस हलला की त्याच्यामागे किती जागा मोकळी व्हायला हवी, हे त्याच्या पदावरून ठरतं. मंत्र्याच्या मागे पंधरा गाड्या असतात, नगरसेवकाच्या मागे तीन, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन चालणारा मी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा व्याह्यांच्या पाटाभोवती रांगोळी वेगळी असते. आणि इथे पाणी बदकाला आणि जहाजाला एकाच कोनात बसवतं! फरक एवढाच, की वेग वाढला की मागच्या आडव्या लाटा एकमेकींपासून लांब जातात. वेग दुप्पट तर अंतर चौपट. सेकंदाला अर्धा मीटर पोहणाऱ्या बदकाच्या मागे दोन लाटांत जेमतेम १६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. सेकंदाला ३ मीटर जाणाऱ्या लाँचच्या मागे जवळजवळ ६ मीटर. म्हणजे रांगोळीचे ठिपके लांब पडतात, रांगोळीचा आकार तोच.

असं का, हे समजायला मला दोन आठवडे लागले. शेवटी समजलं ते विसर्जनाच्या मिरवणुकीत.

मिरवणुकीत नाचणारी पोरं पाहा. मागच्या टोकाला एखादा गडी उत्साहात येतो, गर्दीतून नाचत नाचत पुढे सरकतो, ताशांच्या पुढ्यात पोचतो, तिथे त्याचा दम संपतो आणि तो बाजूच्या टपरीवर चहाला जातो. तोवर मागे नवा गडी उभा राहिलेला असतो. एकेकटं पोरगं चांगलं भरभर पुढे जातं. मिरवणूक मात्र तिच्या चालीनं रेंगाळत जाते. खोल पाण्यातल्या लाटांचं तंतोतंत हेच आहे. लाटेचा एकेक माथा मागून जन्मतो, घोळक्यातून पुढे पळतो आणि पुढच्या टोकाला विरून जातो. घोळका, म्हणजे लाटांची खरी ताकद, त्याच्या बरोब्बर निम्म्या वेगानं चालतो. लाट छोटी असो वा मोठी, हे प्रमाण निम्मंच.

सगळी मेख या निम्म्यात आहे. समजा बोट चार वाव पुढे गेली. निघताना तिनं जो गोंधळ उठवला होता तो निम्म्या चालीनं पसरत एव्हाना एक वाव त्रिज्येच्या वर्तुळावर पोचलेला असतो, आणि त्या वर्तुळाचं केंद्र बोटीपासून तीन वाव मागे असतं. आता बोटीपासून त्या वर्तुळाला स्पर्शिका काढा. एकास तीन हे प्रमाण ज्या कोनाची 'ज्या' (साइन) म्हणून येतं, तो कोन १९.४७ अंश. बोट भरधाव असो की रमतगमत, एकास तीनचं एकास साडेतीन होत नाही. नववीच्या भूमितीत स्पर्शिकेनं मला नापास केलं होतं. चाळीस वर्षांनी तिनं असा स्पर्श केला.

पण वाचलेलं खरं मानायचं नाही, हा माझा बाणा. (वाचलेलं नसलं की मी लगेच खरं मानतो, असं ही म्हणते.) दिवाळीत सासुरवाडीला गेलो तेव्हा मी भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक खिशात टाकला. सासुरवाडीला एक तळं आहे, तळ्यात बदकं आहेत आणि पायानं मारायच्या बोटी आहेत. प्रयोगशाळा म्हणून आणखी काय लागतं? तळं उथळ असल्याची शंका मेहुण्यानं काढली, पण मी तयारीत होतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त खोली असली की लाटेच्या लेखी ते पाणी खोल. आम्ही सेकंदाला एक मीटर गेलो तर मागच्या लाटा सुमारे ६४ सेंटिमीटर लांब, म्हणजे दीड फूट पाणी असलं तरी आमच्यापुरता तो हिंदी महासागर.

योजना सोपी होती. मी आणि मेहुणा बोट मारणार, हिनं काठावरून फोटो काढायचा, मग फोटोवर कोनमापक ठेवायचा.

त्या बोटीला पायटे दोघांना आणि सुकाणूचा दांडा एकच. मेहुण्यानं दांडा धरला, कारण तळं त्याच्या गावचं. मी दांडा धरला, कारण प्रयोग माझा. पाच मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर आमच्या मागे व्ही नव्हता, देवनागरीतला 'ळ' होता. केल्विन यांची अट सरळ रेषेची होती. सरळ रेषेत जाणं हे आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाला जमलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी दांडा सोडून दिला आणि बोट सरळ गेली. हिनं फोटो काढला. कोनमापक लावला तर प्रत्येक बाजूला बावन्न अंश! केल्विन खोटे ठरल्याच्या आनंदात मी होतो, तेवढ्यात ही म्हणाली, ''अहो, मी काठावर उभी होते. रेल्वेचे रूळ समोरून बघितले तर लांबी आखडून दिसतेच ना? वरून बघा की.'' हिचं शिक्षण कलाशाखेचं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, हे मी तिथे बोललो नाही.

तिसऱ्या खेपेला फोटो मेहुण्याच्या इमारतीच्या गच्चीवरून निघाला. दोन्ही पायांमधला पूर्ण कोन सदतीस ते एक्केचाळीस यांच्यामधे कुठेतरी आला. हिशेबानं यायला हवा एकोणचाळीस. त्याच फोटोच्या कोपऱ्यात एक बदक चाललं होतं, त्याच्या मागच्या व्हीला कोनमापक लावला. तोच कोन! दोन सुशिक्षित गृहस्थ घामाघूम होऊन जो कोन काढत होते, तो ते बदक दुसरीकडे बघत काढत होतं.

मेहुणा म्हणाला, ''भावजी, हे कळून फायदा काय?''

मी म्हणालो, ''समता.''

तो म्हणाला, ''बोटीचे तीन खेपांचे पैसे कुणी द्यायचे?''

मी दिले.

त्या तळ्याकाठी मला आणखी काही गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, फार हळू जाणाऱ्या वस्तूच्या मागे लाट उठतच नाही. पाण्यावर कुठलीही लाट सेकंदाला २३ सेंटिमीटरपेक्षा कमी वेगानं पळू शकत नाही. छोट्या लाटांना पाण्याचा पृष्ठताण पळवतो, मोठ्यांना गुरुत्वाकर्षण, आणि दोघांच्या मधे हा किमान वेग येतो. त्याहून सावकाश सरकाल तर पाण्याला पत्ता लागत नाही. जेवणं झाल्यावर ताटं उचलायला उठणारा माझा मेहुणा याच वेगानं उठतो. घरात तरंग उमटत नाही, आणि तो पोचेपर्यंत ताटं घासून झालेली असतात.

दुसरी गोष्ट अशी, की लाटा उठायला स्वतः हलायलाच हवं असं नाही. वाहत्या ओढ्यात नुसती काठी रोवली तरी तिच्या मागे व्ही उमटतो. काठी जागची हलत नाही, पाणीच तिच्यावरून जातं. सेवानिवृत्तीनंतर मी दिवाणखान्यात नेमका असाच बसतो, आणि माझ्यामुळे घरात किती खळबळ होते याचा हिशेब ही रोज देते.

तिसरी गोष्ट पिल्लांची. बदकीण पुढे आणि पिल्लं तिच्या मागे ओळीनं. ही नुसती शिस्त आहे असं मी समजत होतो. २०२१ मध्ये काही संशोधकांनी गणित करून दाखवलं की हा शुद्ध व्यवहार आहे. आईच्या मागे नेमक्या अंतरावर राहिलं तर तिची लाट पिल्लाला मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलते. गंमत पुढेच आहे. ओळीतल्या तिसऱ्या पिल्लापासून पुढे लाटांचा विरोध जवळपास शून्याकडे जातो, आणि प्रत्येक पिल्लू ती लाट मागच्याच्या हवाली करतं. या कामाला २०२२ मध्ये इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आमच्या घरी मी थोरला. मला नवीन पुस्तकं, नवीन गणवेश आणि नवीन मार मिळाला. तिसऱ्या भावाला माझी पुस्तकं, मधल्याचा गणवेश आणि थकलेले वडील मिळाले. तो आज सगळ्यांत पुढे आहे. तो हुशार आहे असं आम्ही उगाच समजत होतो.

आता जरा मोठ्या बोटींकडे येऊ, कारण खरं दुःख त्यांना आहे. बोट वेग वाढवते तशी तिची आडवी लाट लांब होत जाते. शेवटी एक क्षण असा येतो की लाट आणि बोट सारख्याच लांबीच्या होतात. एक माथा नाळेखाली, दुसरा पार मागे, आणि मधल्या खळग्यात बोट. १५ मीटर लांबीच्या बोटीला हा क्षण ताशी सुमारे १७ किलोमीटरवर गाठतो. त्यापुढे जायचं तर तिला स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर चढावं लागतं, आणि इंजिन कितीही खेकसलं तरी डिझेल जळतं, वेग फारसा वाढत नाही. स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर दमणारी माणसं मी ऑफिसात तीस वर्षं पाहिली. पण त्यामागे समीकरण आहे हे माहीत नसल्यामुळे मी त्यांना नावं ठेवत राहिलो.

हे दुखणं विल्यम फ्रूड या इंग्रज गृहस्थानं ओळखलं. त्यानं १८७२ साली टॉर्की गावात आपल्या घराशेजारी एक लांबलचक हौद बांधला आणि त्यात मेणाच्या बोटी ओढून बघितल्या. ब्रिटिश नौदलानं त्यासाठी दोन हजार पौंड दिले. म्हातारपणी हौदात बोटी सोडायला सरकारनं पैसे द्यावेत, एवढं भाग्य माझ्या वाट्याला आलं नाही. मला तीन खेपांचे खिशातून द्यावे लागले.

यावरचा उतारा घारापुरीला जाताना उजेडात दिसतो. एखादं मालवाहू जहाज रिकामं असलं, की ते वर उचलून तरंगतं आणि पाण्याच्या रेषेशी त्याच्या नाळेखालून एक मोठं गोल नाक बाहेर आलेलं दिसतं. हे नाक पाण्याखाली आपली वेगळी लाट काढतं. ती अशी बेतलेली असते की तिचा खळगा नाळेच्या लाटेच्या माथ्यावर येतो आणि दोघी एकमेकींना खातात. काट्यानं काटा काढावा तसं लाटेनं लाट मारणं. त्याच्यानं इंधन वाचतं. नाक खुपसून भांडण मिटवणारी वस्तू मी आयुष्यात ही एकच पाहिली.

दुसरा उतारा मात्र एका घोड्यानं शोधला. १८३० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एका कालव्यात घोडे काठावरून दोरीनं बोटी ओढत. हळू चाललं तर ठीक, जरा घाई केली की बोटीमागे फेसाळ लाट उभी राहून काठ धुऊन नेई. एकदा विल्यम ह्यूस्टन नावाच्या मालकाचा घोडा बिथरला आणि बोटीसकट उधळला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला असेल. पण बघतात तो काय, मागची लाट नाहीशी झालेली आणि बोट जवळजवळ शांत पाण्यावरून सुरेख चाललेली! उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला खोलीची मर्यादा असते, घोडा त्या मर्यादेच्या पलीकडे पळाला होता आणि बोट आपल्याच लाटेला मागे टाकून गेली होती. ह्यूस्टन हुशार. त्यानं घोड्याला मारलं नाही, उतारूंसाठी उधळत्या घोड्यांच्या जलद बोटी सुरू केल्या. पुढे १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल हा अभियंता एडिंबरोजवळ दुसऱ्या एका कालव्यावर बोटी न्याहाळत असताना बोट अचानक थांबली आणि तिच्या पुढचं पाणी एकच उंच टेकाड होऊन एकटंच पुढे निघालं. रसेल घोड्यावर बसून मैल-दोन मैल त्या लाटेचा पाठलाग करत गेला, आणि शेवटी वळणावळणांत ती हरवली. एकूण या शास्त्राच्या इतिहासात माणसांपेक्षा घोडेच जास्त धावलेले आहेत.

आता एक कबुली. मी समता समता म्हणून नाचत होतो, तिला एक पोटनियम आहे. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या दोन शास्त्रज्ञांनी, मार्क राबो आणि फ्रेदेरिक मोआझी यांनी, गूगल अर्थवरच्या छायाचित्रांत चालत्या बोटींच्या मागचे कोन मोजले. खुर्चीत बसून! (मी त्या वेळी चपला हातात घेऊन तळ्यातून बाहेर येत असेन.) त्यांना दिसलं की आपल्या लांबीच्या मानानं फार जोरात जाणाऱ्या बोटींचा व्ही साडेएकोणीस अंशांचा दिसत नाही. तो अरुंद दिसतो, आणि वेग वाढेल तसा आणखी निमुळता होत जातो. केल्विन यांचं गणित चुकलं नव्हतं. एवढ्या वेगात लांब लाटा उठवणं त्या छोट्या अंगाला झेपत नाही, म्हणून उंच लाटा मधल्या रेषेजवळच दाटतात.

परवा परत घारापुरीला गेलो. या वेळी चणे आधीच घेतले होते, तरी मागच्या बाकावर बसलो. ही वर जायला निघाली होती, पण धुराला नाक मुरडत शेजारी येऊन बसली. आमच्या बाजूनं एक स्पीडबोट सुंकन गेली. आत सहा जण होते, सहाही जण मोबाइलमधे. तिच्या मागे चिंचोळी पांढरी रेघ उमटली, चिमटा मिटल्यासारखी. आमची लाँच धूर सोडत, खोकत चालली होती आणि तिच्या मागे केल्विन यांनी मंजूर केलेला संपूर्ण साडेएकोणीस अधिक साडेएकोणीसचा पसारा पार गेटवेपर्यंत उलगडला होता.

''एवढं काय बघायचं त्यात?'' ही म्हणाली. मग तीही बघत बसली. थोड्या वेळानं खलाशी आला. त्यानं मला ओळखलं, आणि या वेळी न विचारता दोन पिशव्या काढल्या.

तेव्हा घारापुरीला जाल तर मागच्या बाकावर बसा. त्याला जादा पैसे पडत नाहीत, आणि तो बाक कधीच भरलेला नसतो.